सड्यावरच्या जुन्या पवनचक्क्या उतरवण्याआधी : पर्यावरण आणि ऊर्जा खात्यांना एक खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालय, भारत सरकार
मा. मंत्री, ऊर्जा विभाग, महाराष्ट्र शासन
मा. मंत्री, पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग, महाराष्ट्र शासन

विषय : सह्याद्रीच्या सड्यांवर (डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारांवर) जुन्या पवनचक्क्यांच्या जागी मोठ्या पवनचक्क्या उभारण्यापूर्वी पवनऊर्जा प्रकल्पांना पर्यावरणीय छाननी लागू करण्याबाबत.

महोदय / महोदया,

सविनय नमस्कार.

चाळकेवाडी आणि वनकुसवडे ही सातारा जिल्ह्यातली गावं पवनचक्क्यांमुळे राज्यभर माहीत झाली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इथल्या डोंगरमाथ्यांवर पहिली पाती फिरू लागली. त्या पिढीतली यंत्रं आता थकली आहेत. पवनचक्कीचं आयुष्य साधारण वीस ते पंचवीस वर्षांचं धरतात आणि ते संपत आलं आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये जुनी यंत्रं बदलण्याचं आणि त्यांचं आयुष्य वाढवण्याचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. दोन मेगावॅटपेक्षा कमी क्षमतेची यंत्रं काढून त्याच वाऱ्यातून जास्त वीज काढणारी मोठी यंत्रं बसवायची, असा त्याचा रोख आहे. म्हणजे येत्या काही वर्षांत या माथ्यांवर जे ठरेल, ते आणखी पंचवीस वर्षं तसंच राहणार आहे. आणि हे ठरवताना तिथल्या निसर्गाचं काय होईल, हा प्रश्न विचारायला आजचा कायदा कुणालाही भाग पाडत नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

पवनऊर्जेला माझा पाठिंबा आहे, हे आधीच स्पष्ट सांगते. देशातली पवनऊर्जेची स्थापित क्षमता ५० हजार मेगावॅटच्या पुढे गेली आहे, त्यातली पाच हजारांहून अधिक महाराष्ट्रात आहे, आणि ती आणखी वाढायला हवी. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असतं, सौरऊर्जा मंदावते, तेव्हाच नैर्ऋत्येचा वारा सह्याद्रीच्या माथ्यावर जोरात असतो. सूर्य मावळल्यावरही पवनचक्की चालते. चंद्रपूर आणि कोराडीच्या आसपासच्या लोकांनी कोळशाच्या राखेची आणि धुराची जी किंमत मोजली आहे, ती पाहिल्यावर पवनऊर्जा नको असं म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाच नाही. शिवाय पावसाचं वेळापत्रक बिघडलं तर त्याचा फटका या सड्यांनाच सगळ्यात आधी बसणार आहे. म्हणून माझं म्हणणं जागेपुरतं आणि पद्धतीपुरतं आहे.

आता कायद्याची स्थिती पाहा. १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अधिसूचना औष्णिक प्रकल्पांना लागू आहे, जलविद्युत प्रकल्पांना लागू आहे, २० हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामालाही लागू आहे. पवनऊर्जा प्रकल्प तिच्या अनुसूचीतच नाहीत. शहरात मोठं गृहसंकुल उभं करायचं तर पर्यावरण मंजुरी लागते. डोंगरमाथ्यावर शंभर मनोरे, त्यांचे काँक्रीटचे पाये, त्यांना जोडणारे कित्येक किलोमीटरचे रस्ते आणि वीजवाहिन्या उभ्या करायच्या तर लागत नाही. २०१६ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांची लाल, नारिंगी, हिरवी आणि पांढरी अशी वर्गवारी केली, तेव्हा पवनऊर्जा पांढऱ्या वर्गात गेली. पांढऱ्या वर्गाला मंडळाची संमती घ्यावी लागत नाही, कळवलं की पुरतं. धुराचा आणि सांडपाण्याचा विचार केला तर ते रास्तच आहे, कारण पवनचक्की धूर सोडत नाही. पण ती जागा व्यापते, आणि प्रदूषणाच्या या वर्गवारीत जागेचं मोजमापच नाही.

वनजमीन असेल तर वनसंवर्धनाचा कायदा आड येतो. अभयारण्य असेल तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, राष्ट्रीय वन्यजीव मंडळ आहे. प्रश्न आहे तो या दोन्हींच्या बाहेर राहणाऱ्या जमिनीचा, आणि सह्याद्रीच्या सड्यांचा मोठा भाग नेमका तिथे पडतो. सातबाऱ्यावर त्याची नोंद पड किंवा पोटखराब अशी असते. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशातही उघडा खडक, खुरटी झुडपं आणि गवताळ माळ असेच मोजले जातात. पीक येत नाही, झाडोरा नाही, मग तिथे प्रकल्प टाकला तर बिघडतं काय, असा हिशेब त्यातून आपोआप तयार होतो.

बिघडतं काय, ते पाहायला सड्यावर जावं लागतं, आणि योग्य महिन्यात जावं लागतं. एप्रिल-मेमध्ये स्थळपाहणीला गेलेल्या अधिकाऱ्याला तिथे काळपट जांभा खडक, वाळलेल्या गवताचे ठोंब आणि ऊन एवढंच दिसेल, आणि 'वनस्पती विरळ' असा शेरा तो प्रामाणिकपणे लिहील. जूनच्या सरी सुरू झाल्या की त्याच कातळाच्या खळग्यांत पाणी साचतं. कोयना-चांदोलीच्या परिसरातला कोयना टोड नावाचा छोटा भेक, जो जगात दुसरीकडे कुठे आढळत नाही, तो असल्या उथळ पाण्यात अंडी घालतो. खडकावर बोटभर मातीचा थर असतो. त्या थरात गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू उगवतात. मातीत नत्र जवळजवळ नसतो, म्हणून यातल्या सीतेची आसवं आणि दवबिंदू या वनस्पती कीटक धरून आपली गरज भागवतात. वायतुरा ही पाणवनस्पती साताऱ्याच्या सड्यांची खास. पुढे तेरडा आणि सोनकी येते, आणि ऑक्टोबर उलटला की सगळं पुन्हा कातळात जिरून जातं. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ३९ ठिकाणांपैकी एक म्हणून जागतिक वारशाच्या यादीत गेलं ते याच जीवसृष्टीमुळे. कासला पर्यटकांवर मर्यादा, आणि त्याच जांभ्याच्या, त्याच उंचीच्या शेजारच्या सड्याला साधी छाननीही नाही, हा फरक निसर्गाने केलेला नाही. तो आपल्या कागदांनी केला आहे.

सड्यावर पाणी ओढ्यातून कमी आणि कातळावरून पातळ थराने जास्त वाहतं. पवनचक्कीपर्यंत जाणारा मुरमाचा रस्ता दोन-तीन फूट उंच भरला की तो त्या पाण्याला आडवा बांध होतो. रस्त्याच्या एका अंगाला पाणी तुंबतं आणि दुसऱ्या अंगाचे खळगे लवकर आटतात. बाहेरून आणलेल्या मातीबरोबर गाजरगवत येतं. यातली एकही गोष्ट प्रकल्प अहवालात येत नाही, कारण असा अहवाल मागितलाच जात नाही.

चाळकेवाडीबद्दल तर आपल्याकडे नुसती तक्रार नाही, शास्त्रीय पुरावा आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी या पठारावर पवनचक्क्या असलेल्या आणि नसलेल्या जागांची तुलना केली आणि ते निष्कर्ष २०१८ मध्ये 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन' या नियतकालिकात आले. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळपास चारपट कमी आढळले. कापशीसारख्या पक्ष्यांची भीती नाहीशी झाली तशी त्यांच्या भक्ष्याची, म्हणजे गळ्याला पंख्यासारखी रंगीत झालर असलेल्या सरड्यांची संख्या वाढली. वरवर पाहता सरड्यांचं भलं झालं. पण तेच सरडे अंगाने खंगलेले होते, माणूस जवळ आला तरी उशिरा पळत होते, त्यांच्या रक्तातल्या ताणाच्या संप्रेरकाचं प्रमाण कमी होतं, आणि नराच्या झालरीचे रंग फिके पडले होते. पावसाच्या आधीच्या दिवसांत नर सरडा एखाद्या दगडावर चढतो आणि निळी-काळी-केशरी झालर फुलवून, मिटवून मादीला आणि प्रतिस्पर्ध्याला दाखवतो. ते रंगच उतरलेत. अन्नसाखळीच्या वरच्या टोकाला हात लावला की खालपर्यंत काय काय हलतं, याचा हा आपल्याच डोंगरावरचा दाखला आहे. जगभरचे अभ्यासक त्याचा संदर्भ देतात. आपल्या मंजुरीच्या प्रक्रियेत तो कुठे वापरला जावा, अशी जागाच नाही.

पवनचक्की आणि शिकारी पक्षी यांची गाठ योगायोगाने पडत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा आठपट होते, म्हणून अभियंता कड्याच्या काठाची जागा शोधतो. कड्यावर आपटून वर चढणारा वारा ससाण्याला, घारीला, गिधाडाला फुकटची उंची देतो, म्हणून तेही काठच धरतात. दोघांना हवी असलेली जागा एकच. म्हणूनच मनोरा काठापासून किती मागे घ्यायचा, हा निर्णय विकासकाच्या एकट्याच्या हिशेबावर सोडता येणार नाही.

नव्या यंत्रांचा आकार हा वेगळाच प्रश्न आहे. सुरुवातीच्या काळात बसवलेली यंत्रं साडेतीनशे किलोवॅटपासून सव्वा मेगावॅटपर्यंतची होती. आजच्या तीन मेगावॅटच्या यंत्राचा मनोरा १४० मीटरपर्यंत जातो आणि एकेक पातं ७० मीटरच्या आसपास असतं. ते पातं अखंड आणावं लागतं. सत्तर मीटरची वस्तू घाटाच्या वळणावरून न्यायची म्हणजे वळण कापावं लागतं, डोंगराची बाजू तासावी लागते, आणि तासलेली बाजू पहिल्या दोन पावसाळ्यांत खाली येते. हा अंदाज नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात भीमाशंकरजवळच्या पवनऊर्जा प्रकल्पाचं उदाहरण तपशिलाने मांडलं आहे. घाईने काढलेले रस्ते, दरडी, शेतात आणि जलाशयात जाणारा राडारोडा, आणि वनहक्क कायद्याखाली तिथल्या लोकांचे न मिटलेले दावे, हे सगळं त्यात आहे. त्या समितीशी अनेक बाबतींत मतभेद असलेल्या, पश्चिम घाटासाठीच नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीनेही २०१३ मध्ये पवनऊर्जा आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत आणावी, अशी शिफारस केली. या दोन समित्यांच्या नावावर राज्यात केवढं राजकारण झालं. जिथे त्यांचा रोख एकाच दिशेला होता, ती गोष्ट मात्र तशीच पडून राहिली.

यंत्रं बदलण्याच्या या काळात संधीही आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. तीन मेगावॅटच्या एका यंत्राची क्षमता साडेतीनशे किलोवॅटच्या आठांहून जास्त भरते. म्हणजे तेवढीच वीज ठेवून मनोऱ्यांची संख्या पुष्कळ कमी करता येईल. काठावरचे, पाणथळ खळग्यांतले, पक्ष्यांच्या वाटेवरचे मनोरे कायमचे काढून टाकता येतील. नको असलेले रस्ते उखडून मुरूम उचलता येईल आणि कातळावरून पाणी पुन्हा सरळ वाहू देता येईल. पण हे आपोआप होणार नाही. आजच्या व्यवस्थेत विकासकाला सोयीचं काय, तर जुन्या जागा हातात ठेवायच्या, नव्या जागा जोडायच्या आणि रस्ते रुंद करायचे. कुणी दुष्ट आहे म्हणून असं होतं, असं मी म्हणत नाही. अट नसेल तर खर्च वाचवला जातो, एवढंच.

छाननीमुळे प्रकल्प रखडतील, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो गंभीर आहे. त्याला माझं उत्तर राजस्थान आणि गुजरातमधून येतं. तिथे माळढोकाच्या माळावर पवन आणि सौर प्रकल्प आणि त्यांच्या वीजवाहिन्या आधी उभ्या राहिल्या, पक्ष्याचा विचार नंतर झाला. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, अंग जड असतं, तारांवर आदळून तो मरतो. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात उघड्या तारांवर निर्बंध घातले. मार्च २०२४ मध्ये तो आदेश बदलला, तज्ज्ञ समिती नेमली, आणि हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हाही नागरिकांचा हक्क आहे असं सांगितलं. या तीन वर्षांत विकासकांना खात्री नव्हती आणि पक्ष्यालाही संरक्षण मिळालं नाही. नकाशा आधी काढला असता तर दोघांचाही वेळ वाचला असता. आपल्या राज्यातल्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात माळढोक किती उरले, ते सोलापूरकरांना विचारा. बीड आणि धाराशिवच्या माळांवर आज पवनचक्क्या वाढत आहेत, तिथे लांडगा आहे, काळवीट आहे, आणि तीही जमीन कागदावर पडीकच आहे.

जर्मनीने हा तिढा कायद्याने सोडवायचा प्रयत्न केला आहे. २०२२ मध्ये तिथल्या संसदेने ठरवलं की २०३२ अखेरपर्यंत देशाच्या २ टक्के जमिनीवर पवनऊर्जेसाठी क्षेत्रं आखायची. त्याच वर्षी निसर्गसंरक्षण कायद्यात दुरुस्ती करून पात्यांना धडकण्याचा धोका असलेल्या १५ पक्षी-प्रजातींची यादी आणि त्यांच्या घरट्यांपासूनची अंतरं कायद्यातच लिहिली. अधिकाऱ्याला, विकासकाला आणि पक्षिमित्राला तिन्ही बाजूंनी एकच आकडा पाहता येतो. हे घेण्यासारखं आहे. त्याच दुरुस्तीने निसर्गदृश्यासाठी राखीव असलेल्या क्षेत्रांतही पवनचक्क्यांना वाट मोकळी करून दिली, ते मात्र आपण उचलू नये. तिथे देशाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास जमीन अशा संरक्षणाखाली आधीपासून होती, त्यातून थोडी सूट दिली गेली. आपल्याकडे निसर्गदृश्याला संरक्षण देणारा असा स्वतंत्र कायदाच नाही, मग सूट कशातून देणार? एक धागा मात्र आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या २००१ च्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेत धबधबे, खडकांच्या रचना, डोंगरावरची ठिकाणं हा नैसर्गिक वारसा म्हणून जपायची तरतूद आहे. सज्जनगडावरून, ठोसेघरच्या दरीतून दिसणारं क्षितिज हाही वारसाच आहे, आणि १४० मीटरचे मनोरे ते क्षितिज बदलणार आहेत. ते कुठे बदलायला हरकत नाही आणि कुठे आहे, याची चर्चा उघडपणे व्हायला हवी.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. केंद्रीय मंत्रालयाने २००६ च्या अधिसूचनेत पवनऊर्जेचा समावेश करावा. सरसकट नको. शेतजमिनीवरच्या, आधीच बदललेल्या भूभागावरच्या प्रकल्पाला ठरावीक मुदतीत, साध्या अर्जावर मोकळीक द्या. पण जांभ्याचे सडे, घाटमाथ्याचा काठ, आणि माळढोक-लांडग्यांचे माळ इथे पूर्ण मूल्यांकन आणि जनसुनावणी सक्तीची करा. मूल्यांकनातल्या पाहणीत जून ते ऑक्टोबर हा काळ असलाच पाहिजे, अशी अट घाला. ही एक अट घातली तरी सड्यांच्या बाबतीत अर्धं काम होईल. राज्य सरकारने महाऊर्जा या आपल्या ऊर्जा विकास संस्थेच्या मदतीने जागांचा संवेदनशीलता नकाशा आधी काढावा आणि निविदा नंतर काढाव्यात. पक्ष्यांपुरती सुरुवात करायला साधनं तयार आहेत. बर्डलाइफ इंटरनॅशनल या पक्षिसंरक्षण संस्थेने २०२२ मध्ये खुलं केलेलं अव्हिस्टेप हे नकाशाचं साधन भारतासाठीही आहे. सड्यांचा नकाशा मात्र आपला आपल्यालाच करावा लागेल, आणि त्यासाठी राज्यातल्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राचे लोक आहेत.

जुनी यंत्रं बदलताना मनोऱ्यांची संख्या घटलीच पाहिजे, काठापासूनचं किमान अंतर पाळलंच पाहिजे, आणि सोडलेल्या जागेवरचं काँक्रीट, तारा, मुरूम काढून देण्यासाठीची रक्कम आधीच अनामत म्हणून जमा झाली पाहिजे. प्रकल्प हस्तांतरित झाला, कंपनीचं नाव बदललं, तरी ती अनामत जागेशी बांधलेली राहावी. मनोऱ्याखाली मेलेले पक्षी आणि वटवाघळं यांची नियमित मोजणी होऊन ती आकडेवारी सगळ्यांना पाहता यावी. मंद वाऱ्यात, वीज फारशी मिळत नसताना पाती थांबवली तर वटवाघळांचे मृत्यू निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटतात, हे इतर देशांत दिसून आलं आहे. नॉर्वेतल्या स्मोला बेटावर एक पातं काळं रंगवल्यावर पक्ष्यांचे मृत्यू ७० टक्क्यांच्या आसपास घटल्याची नोंद आहे. तो प्रयोग मोजक्याच यंत्रांवर झाला होता, म्हणून तो आपल्याकडे करून पाहावा, इतकंच मी म्हणेन.

आणि गावांना विचारा. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. बऱ्याच ठिकाणी ती नोंदवही कपाटात आहे. प्रकल्पाच्या अर्जाबरोबर ती वही जोडणं आणि ग्रामसभेचा अभिप्राय घेणं बंधनकारक केलं, तर ती कपाटातून बाहेर येईल. पहिल्या वेळी या माथ्यांवरच्या अनेक कुटुंबांनी जमीन दिली तेव्हा तिथे पुढे काय होणार, गुरं कुठे चरणार, पायवाटा कुठून जाणार, हे त्यांना कुणी समजावून सांगितलं नव्हतं. या वेळी सांगितलं जावं. ज्या गावाच्या डोक्यावर पाती फिरतात, त्या गावाचा त्या विजेच्या उत्पन्नात ठरलेला, लिहिलेला वाटा असावा, असंही मला वाटतं. पण तो विषय मोठा आहे, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा पहिल्यांदा मार्च २०१४ मध्ये निघाला. जुलै २०२४ मध्ये तो सहाव्यांदा काढावा लागला. त्यात महाराष्ट्राचं १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र आहे. त्या अंतिम अधिसूचनेची वाट पाहत यंत्रं बदलण्याचं काम थांबणार नाही, म्हणून निदान सड्यांवरच्या पवनऊर्जेपुरता निर्णय त्याच्यापासून वेगळा करून आधी घ्यावा. राज्याच्या अखत्यारीत नकाशा, अनामत आणि ग्रामसभेचा अभिप्राय या तीन गोष्टी शासन निर्णय काढून करता येण्यासारख्या आहेत. तो निर्णय होईपर्यंत सातारा, सांगली आणि पुणे जिल्ह्यांतल्या घाटमाथ्यावर जुनं यंत्र बदलण्याच्या कोणत्याही प्रस्तावाला नवा रस्ता किंवा रस्त्याचं रुंदीकरण मंजूर करू नये, ही माझी तातडीची विनंती आहे. या पत्राची पोच आणि प्रत्येक मागणीवर खात्याचं म्हणणं लेखी कळवावं.

आपली नम्र,
सातारा जिल्ह्यातील एक नागरिक